चांदण्यांचा तक्ता आणि दानपेटीतले वीस रुपये

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपली मुलं, आपली शाळा’ या विषयावरच्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाक उरकला असेल, नसेल तर चुलीपाशीच रेडिओ ठेवा आणि ऐका. आज आम्ही आमच्या बचत गटातल्या बाया तुमच्याशी बोलणार आहोत. विषय घरातलाही आहे आणि शाळेतलाही. मूल चांगलं वागलं तर त्याला काय द्यायचं, आणि चुकलं तर काय करायचं?

आमच्या गावात मिशनची प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, देवळाच्या आवारात. आम्ही गावाकडे चर्चला देऊळच म्हणतो. सकाळी घंटा होते, प्रार्थना होते, बाई एक वचन वाचतात आणि मग वर्ग भरतात. या शाळेत ख्रिस्ती मुलं आहेत, तशी मराठ्यांची, धनगरांची, मुसलमानांचीही आहेत. आमच्या गटातल्या निम्म्या बाया ख्रिस्ती, निम्म्या इतर. पण लेकरं सगळ्यांची त्याच शाळेत. कारण त्या शाळेवर लोकांचा जुना विश्वास आहे.

हा विश्वास उगीच नाही. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मिशनच्या शाळा दीडशे वर्षांपेक्षा जुन्या आहेत. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि पुढे नगरला येऊन त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फरारबाईंकडे. जिथं मुलींना कोणी शिकवत नव्हतं तिथं या शाळांनी शिकवलं. म्हणून शाळेविषयी बोलताना आमच्या मनात राग नाही. आपलं माणूस चुकलं तर आपण जसं बोलतो, तसं बोलतोय.

तर काय झालं ते सांगतो.

तिसरीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक मुलाचं नाव आणि नावापुढं चांदण्या. वचन पाठ झालं, एक चांदणी. गृहपाठ केला, एक चांदणी. आठवडाभर हजर, एक चांदणी. नाताळच्या कार्यक्रमात ज्याच्या सगळ्यात जास्त चांदण्या, त्याला पाळकसाहेबांच्या हातून बक्षीस. आम्हाला हा तक्ता फार आवडायचा. पालकसभेला गेलं की आम्ही आधी आपल्या लेकराच्या चांदण्या मोजायचो, आणि मग शेजारणीच्या.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. आदल्या वर्षी तोही त्यांच्याबरोबर गेला होता, होळीनंतर परत आला. त्यामुळे वाचन मागं पडलेलं. या वर्षी दिवाळीनंतर त्याला आजीकडे ठेवलं. आजी आमच्या गटातली. पोराच्या नावापुढं दोन चांदण्या, बाकीच्यांच्या वीस-वीस. मुलं मुलंच असतात. ज्यांच्या चांदण्या जास्त ती मधल्या सुट्टीत एकत्र खेळायची, आणि याला म्हणायची, तू दोनवाला आहेस, तू नको.

नाताळच्या आधी वर्गात दानपेटी ठेवलेली होती. तिच्यातून या पोरानं वीस रुपये काढले. दुकानातून कुरकुरे आणि चिंचेच्या गोळ्या आणल्या आणि त्या खेळणाऱ्या पोरांना वाटल्या. त्या दिवशी त्याला खेळायला घेतलं. संध्याकाळपर्यंत बाईंना कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. मी देवाच्या पेटीतून चोरी केली, असं त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तक्त्यावरच्या त्याच्या दोन चांदण्याही काढल्या. कोणी मारलं नाही, हे खरं सांगायला हवं. पण त्यानंतर पोरगं शाळेत गेलं नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायचं आणि कॅनॉलच्या कडेला बसून राहायचं. आजीला सहाव्या दिवशी कळलं, तेही शेळ्या चारणाऱ्या बाईनं सांगितलं म्हणून.

गटाच्या बैठकीत आजीनं हप्ता भरला आणि एवढंच म्हणाली, “पोरगं चोर हाय का गं बायांनो?”

त्या दिवशी आमची बैठक दोन तास चालली. एकमत झालं नाही, हेही सांगतो. एक ताई म्हणाली, चोरी ती चोरी, आज वीस रुपये उद्या दोनशे, बाईंनी बरोबर केलं. दुसरी म्हणाली, आमच्या वेळी तर फोक तुटेपर्यंत मारायचे, आम्ही काय बिघडलो? तिसरी हळूच म्हणाली, मी त्या फोकाच्या भीतीनं चौथीतच शाळा सोडली, तुला माहीत नाही का? मग थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग आमच्या सचिव ताईंनी गटाची वही उघडली. म्हणाल्या, आपला नियम काय आहे? बैठकीला आलं नाही तर दहा रुपये दंड. हप्ता चुकला तर दंड. नियम सगळ्यांना माहीत आहे, सगळ्यांना सारखा आहे. पण दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एकीचे चार हप्ते थकले, तेव्हा आपण काय केलं? तिचं नाव चावडीवर लिहिलं का? तिला उभं करून मी बुडवी आहे असं म्हणवून घेतलं का? आपण तिच्या घरी गेलो. नवरा दवाखान्यात होता. आपण हप्ता लहान करून दिला. तिनं पैसे फेडले, सगळे फेडले. ती आज गटात आहे. चावडीवर नाव लावलं असतं तर पैसेही बुडाले असते आणि बाईही गेली असती.

मैत्रिणींनो, आम्हाला खरी गोष्ट तिथं कळली. नियम मोडला तर त्याचं काहीतरी व्हायलाच पाहिजे, पण ते असं पाहिजे की माणूस चूक भरून काढेल आणि पुन्हा आपल्यातच बसेल. आपण हे आपल्यासाठी पाळतो. मग आठ वर्षांच्या पोरासाठी का नाही?

आम्ही पाच जणी शाळेत गेलो. आजीलाही बरोबर घेतलं. भांडायला नाही, बोलायला. मोठ्या बाईंनी आधी जरा ताठरच घेतलं. म्हणाल्या, एका वर्गात चाळीस मुलं आहेत, मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग शिस्त लावायची कशी? दानपेटीला हात लावला तरी गप्प बसायचं का? त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. चाळीस मुलं आम्हाला एक दिवस सांभाळायला दिली तर आम्हीही दुपारपर्यंत टेकीला येऊ.

आम्ही म्हणालो, गप्प बसू नका बाई. त्याला वीस रुपये परत करायला लावा. पण त्यानं ते कशासाठी घेतले हे त्याला विचारलं का? त्यांनी विचारलं नव्हतं. आजीनं सांगितलं. मोठ्या बाई बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

मग ठरलं ते असं. पोरगं रोजच्या खाऊच्या पैशातून दोन-दोन रुपये करून दहा दिवसांत वीस रुपये भरेल, आणि ते स्वतःच्या हातानं पेटीत टाकेल, वर्गशिक्षिकेसमोर, बाकी कोणी नसताना. आणि ज्या दिवशी पैसे पुरे होतील त्या दिवशी बाई सगळ्या वर्गाला सांगतील की हा विषय मिटला, यानं चूक भरून काढली आहे, आता कोणी याला चिडवायचं नाही. सगळ्यांसमोर कमीपणा आणला होता, म्हणून मिटलं हेही सगळ्यांसमोरच सांगायचं.

पोरगं परत आलं. लगेच नाही, आजी चार दिवस हात धरून घेऊन गेली तेव्हा आलं. पैसे भरले. आता खेळतंही. पण प्रार्थनेच्या वेळी ते अजून सगळ्यात मागं उभं राहतं, बाईंनी पुढं बोलावलं तरी येत नाही. एका सकाळी जे झालं ते पुसायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही.

त्यानंतर शाळा आणि आम्ही दोन-तीनदा बसलो. त्यातून जे कळलं ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, शिक्षा वेगळी आणि चुकीचा परिणाम वेगळा. पाणी सांडलं तर फडकं घेऊन पुसायचं. दुसऱ्याचं पुस्तक फाडलं तर बसून चिकटवायचं, कव्हर घालून द्यायचं. कोणाला ढकललं तर त्याच्याजवळ जाऊन, तुला लागलं का, मी काय करू, असं विचारायचं. काम अर्धं ठेवलं तर मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं बसून पुरं करायचं, आणि मग खेळायला जायचं. यात चूक आणि तिचा परिणाम यांचं नातं मुलाला दिसतं. पण पाणी सांडलं म्हणून पन्नास उठाबशा? त्यातून मूल एवढंच शिकतं की पुढच्या वेळी बाई बघत नसताना सांडायचं. आणि पोषण आहाराचं ताट काढून घेणं, संडास साफ करायला लावणं, हे तर कधीच नाही. भूक आणि लाज ही शिस्तीची हत्यारं नव्हेत.

दुसरी गोष्ट खास ख्रिस्ती शाळांसाठी. दंगा केला म्हणून एक वचन शंभर वेळा लिहून आणायचं, अशी शिक्षा काही शाळांत असते. आमच्या गटातल्या एका ख्रिस्ती ताईनं हे फार चांगलं सांगितलं. ती म्हणाली, मला लहानपणी ही शिक्षा मिळायची. ते वचन प्रेमाविषयी होतं, पण मला अजून ते ऐकलं की बोटं दुखल्यासारखी वाटतात. प्रार्थना आणि वचन हे मुलाला आधार म्हणून द्यायचं असतं. तेच शिक्षा म्हणून दिलं तर आधार कुठं उरला?

आणि याच्या उलटही. वचन पाठ केलं म्हणून चांदणी मिळाली, आणि त्याच पोरानं शेजाऱ्यावर प्रीती करायचं वचन म्हणून दाखवून नळावर लहान मुलीला बाजूला ढकललं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पाठांतराला बक्षीस आहे, तर नळावर थांबून पाणी भरू देणाऱ्याकडेही कोणाचं लक्ष जायला हवं.

तिसरी गोष्ट छडीची. काही पालक, काही शिक्षकही म्हणतात, बायबलमध्येच छडी सांगितली आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात छडीचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्याच बायबलमध्ये एका स्तोत्रात मेंढपाळाची काठी आहे, आणि ती काठी बघून मेंढराला धीर येतो असं तिथं म्हटलं आहे. आमच्या गटातल्या धनगर ताईला आम्ही विचारलं, तू काठी कशाला धरतेस? ती हसली. म्हणाली, मेंढरू चुकीकडे वळलं तर काठी आडवी धरायची, खड्ड्यात गेलं तर काठीनं काढायचं, लांडगा-कुत्रं आलं तर त्याला हाणायची. मेंढराला हाणलं तर ते आपल्याजवळ राहील का? आणि प्रेषित पौलानं तर आपल्या पत्रांत बापांनाच बजावलं आहे की मुलांना चिडीला आणू नका, ती खचून जातील. हेही त्याच ग्रंथात आहे.

ख्रिस्ती शाळांची परंपराही छडीचीच आहे असं नाही. इटलीतल्या तुरीन शहरात डॉन बॉस्को नावाचे धर्मगुरू होऊन गेले, १८८८ साली वारले. कारखान्यांत, रस्त्यांवर भटकणाऱ्या गरीब पोरांना ते शिकवायचे. त्यांचं सांगणं असं की चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होऊ नये म्हणून मोठ्या माणसानं मुलांमध्ये राहावं, खेळाच्या मैदानावरही. समजावून सांगणं, श्रद्धा आणि माया, या तीन गोष्टींवर त्यांची पद्धत उभी होती. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या बाई ऑफिसात डबा खायच्या. आता रोज एक जण बाहेर झाडाखाली खाते. एवढ्यानंच मारामाऱ्या कमी झाल्या, असं मोठ्या बाई सांगतात.

चौथी गोष्ट बक्षिसाची. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि शाळा कशी चालवावी याची नियमावली लिहिली. त्यात बक्षिसं तीन प्रकारची होती, भक्तीसाठी, नियमितपणासाठी आणि हुशारीसाठी. आणि हुशारीच्या बक्षिसापेक्षा नियमितपणाचं बक्षीस सरस असावं असा नियम होता. हुशारी ज्याला मिळाली त्याला मिळाली, पण रोज येऊन बसणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतला.

पण मैत्रिणींनो, प्रत्येकाला ते खरंच जमतं का? ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या हजेरीचा निर्णय पोर घेत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते. ज्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलं, तिची गैरहजेरी तिची नाही, आपली आहे. म्हणून आमचं म्हणणं, बक्षीस द्यायचं तर मुलाच्या हातात असलेल्या गोष्टीचं द्या. आणि तुलना शेजाऱ्याशी नको, त्याच्या स्वतःच्या कालच्याशी करा. मागच्या महिन्यात एक ओळ वाचत होता, आज पाच वाचल्या, यालाही शाबासकी.

आणखी एक गंमत ऐका. १९७३ साली अमेरिकेत काही अभ्यासकांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना चित्र काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं बक्षीसपत्र मिळेल. बाकीच्यांना असं काही सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता चित्राकडे कमी वळत होती. जे आवडीनं चालू होतं ते बक्षिसासाठी झालं, आणि बक्षीस संपलं तशी आवडही ओसरली. आपण म्हणतो ना, भांडी घासलीस तर दहा रुपये देते. मग पुढच्या वेळी पोरगी आधी रुपये विचारते.

म्हणून बक्षीस वस्तूचं कमी आणि मानाचं जास्त असावं. आमच्या शाळेत तिसरीतला तो तक्ता आता काढला आहे. त्याऐवजी कामं वाटून दिली आहेत. घंटा वाजवणं, फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं, पहिलीतल्या मुलांना हात धरून रांगेत आणणं. घंटा वाजवायचा मान सगळ्यांना हवा असतो, आणि तो पाळीपाळीनं सगळ्यांना मिळतो. नाताळातलं पूर्ण हजेरीचं बक्षीस मात्र अजून तसंच आहे. शाळा समितीला ते बंद करायचं नाही. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

आता कायद्याचं थोडक्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या संस्थांनी चालवलेल्या शाळांना लागू होत नाही. त्यात ख्रिस्ती संस्थांच्या शाळाही आल्या. म्हणून कोणी म्हणेल, मग इथं मारायला मोकळीक आहे. तशी नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच त्याला मारहाण केली किंवा विनाकारण शारीरिक, मानसिक यातना होतील असं वागवलं, तर तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाच्या अंगावर वळ दिसले, तो घाबरलेला असला, तर १०९८ या नंबरवर फोन लावा. हा नंबर मुलांसाठीच आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत. पण कायदा शेवटी. आधी शाळेत जा, चौघी मिळून जा, आणि शांतपणे विचारा.

आणि शेवटी आपलं. शाळेला बोललो, पण आमच्या घरात काय होतं? आम्हीच पालकसभेत म्हणायचो, बाई, चांगलं बदडा, आमची काही तक्रार नाही. आम्हीच घरी म्हणायचो, थांब, उद्या बाईंनाच सांगते. म्हणजे बाईंना बुजगावणं आम्हीच केलं. आता आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मूल चुकलं तर आधी ‘काय झालं’ असं विचारायचं, ‘तू असाच आहेस’ असं म्हणायचं नाही. जी चूक, तिचीच भरपाई, आणि भरपाई झाली की तो विषय पुन्हा पाहुण्यांपुढं काढायचा नाही. आणि दिवसातून एकदा तरी मुलानं केलेली एक चांगली गोष्ट नाव घेऊन सांगायची. ‘हुशार आहेस’ असं मोघम नको. ‘आज तू न सांगता आजीला पाणी दिलंस’ असं सांगायचं. रोज जमत नाही. थकून आल्यावर हात उठतो, तोंड सुटतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकींना सांगतो, लपवत नाही.

या आठवड्याच्या तुमच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले की प्रत्येकीनं आपल्याला शाळेत मिळालेली एक शिक्षा आणि एक शाबासकी सांगा. त्यातून तुम्ही काय शिकलात तेही सांगा. मग आपल्या गटाचे दंडाचे नियम वाचा आणि विचारा, हेच नियम आपल्या लेकराला लावले तर कसे दिसतील? जे निघेल ते वहीत लिहा आणि पुढच्या पालकसभेला ती वही घेऊन जा.

आजी आज इथं आमच्याबरोबर आली आहे. तिला बोलायचं नव्हतं. फक्त एवढं सांगा म्हणाली की पोरगं शाळेत जातंय, आणि पुढच्या सोमवारी घंटा वाजवायची पाळी त्याची आहे.